पंचवीस हजार खात्यात आले, आता लॅपटॉप कोणता घ्यावा?

मागच्या जुलैत आमच्या भाचीची मुलगी सकाळीच मोबाईल घेऊन घरी आली. बँकेचा संदेश दाखवत म्हणाली, "मामाआजोबा, पैसे जमा झाले." मध्य प्रदेश शासनाच्या प्रतिभाशाली विद्यार्थी प्रोत्साहन योजनेचे, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला 'लॅपटॉप योजना' म्हणतात त्याचे, २५,००० रुपये तिच्या खात्यात आले होते. ४ जुलै २०२५ रोजी भोपाळहून राज्यातल्या ९४,२३४ विद्यार्थ्यांच्या खात्यांत हे पैसे टाकण्यात आले. त्यात आपल्या रामाकोन्याची ही पोरगी होती, याचा आम्हाला फार आनंद झाला.

तिचे बाबा मात्र गप्प होते. संत्र्याच्या बागेचे खत, फवारणी, पाण्याची मोटर, अशी खर्चाची रांग समोर होती. ते म्हणाले, "मामाजी, जुना एखादा दहा-बारा हजारात पाहून द्या. बाकीचे कामात येतील." मुलगी काही बोलली नाही. तिला नागपूरला बी.कॉम.ला प्रवेश घ्यायचा होता.

आम्ही त्या दिवशी लगेच उत्तर दिले नाही. त्याला एक कारण आहे. २०२० साली लॉकडाऊनमध्ये तिच्या मोठ्या भावासाठी लॅपटॉप आमच्याच सल्ल्याने घेतला होता. घाई होती, ऑनलाइन वर्ग सुरू झाले होते, आणि आम्ही फक्त किंमत पाहिली. ४ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असलेले ते यंत्र सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटे घ्यायचे. परीक्षेच्या दिवशी ते अडकून बसले आणि पोराने पेपर मोबाईलवर सोडवला. कंपनीचा दोष म्हणत नाही, चूक आमची होती. बँकेत पस्तीस वर्षे लोकांची कर्जप्रकरणे तपासली, पण घरचा सौदा तपासला नाही.

म्हणून या वेळी आम्ही पंधरा दिवस घेतले, वाचले, विचारले, नागपूरला सीताबर्डीच्या दुकानांत दोनदा जाऊन आलो. त्यातून जे समजले ते आपल्या मंडळींसाठी लिहीत आहोत. दरवर्षी निकालानंतर हाच प्रश्न घरोघरी येतो. उदाहरणासाठी आम्ही डेल ही एकच कंपनी घेतली आहे, कारण शेवटी तिचाच लॅपटॉप घेतला. पण पाहण्याची रीत एचपी, लेनोवो, एसर, आसुस यांनाही तशीच लागू पडते.

आधी पैशाचा हिशेब

ही योजना मध्य प्रदेश माध्यमिक शिक्षा मंडळातून बारावी झालेल्यांसाठी आहे. अलीकडच्या वर्षांत ७५ टक्के गुणांची अट आहे. सीमेवरच्या आपल्या घरांनी हे ध्यानात ठेवावे. मुलाला बारावीला नागपूरला महाराष्ट्र बोर्डात टाकले, किंवा इथेच सीबीएसईच्या शाळेत घातले, तर हे पैसे मिळत नाहीत.

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे २५,००० रुपयांच्या बिलात माल सुमारे २१,१८६ रुपयांचा आणि कर ३,८१४ रुपयांचा. नामांकित कंपनीचा, चार वर्षे टिकेल असा नवा लॅपटॉप एवढ्यात बसत नाही. तेव्हा शासनाच्या पैशाला आम्ही बँकेच्या भाषेत मार्जिन मनी समजलो. उरलेले घरातून घालावे लागणार, हे मुलीच्या बाबांना आधीच सांगितले.

दुकानात 'नो कॉस्ट ईएमआय' चा फलक असतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. होते असे की, व्याजाइतकी सूट विक्रेता किंवा कंपनी देते आणि बँक तेवढे व्याज लावते. समजा ३६,००० रुपयांचा लॅपटॉप, ६,००० चे सहा हप्ते, व्याजदर वर्षाला १५ टक्के. यात व्याज सुमारे १,५२४ रुपये येते. ते सुटीत वळते झाले, तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७४ रुपये, आपल्याच खिशातून जातो. प्रोसेसिंग फी १९९ रुपये असेल तर करासह २३५ रुपये आणखी. असे पाचशेच्या वर रुपये फुकटच्या हप्त्याला लागतात. रक्कम मोठी नाही, पण दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा: रोख घेतला तर किती सूट? पुष्कळदा तीच सूट रोखीतही मिळते.

नावांचा घोळ

डेल ही अमेरिकन कंपनी. मायकेल डेल यांनी १९८४ साली ऑस्टिन येथे विद्यार्थी असतानाच ती सुरू केली. तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथे २००७ पासून तिचा कारखाना आहे. या कंपनीच्या लॅपटॉपची घराणी पूर्वी ठरलेली होती. घरासाठी आणि विद्यार्थ्यांसाठी इन्स्पिरॉन. छोट्या दुकानदार-व्यावसायिकांसाठी वोस्ट्रो. मोठ्या कार्यालयांसाठी लॅटिट्यूड. नकाशे, डिझाइन अशा जड कामासाठी प्रिसिजन. महागडे आणि हलके ते एक्सपीएस. खेळणाऱ्यांसाठी एलियनवेअर आणि जी-सिरीज.

२०२५ च्या जानेवारीत कंपनीने ही नावे मोडीत काढायचे ठरवले. इन्स्पिरॉनच्या जागी नुसते 'डेल', लॅटिट्यूडच्या जागी 'डेल प्रो', प्रिसिजनच्या जागी 'डेल प्रो मॅक्स', आणि प्रत्येकात साधा, प्लस, प्रीमियम अशा पायऱ्या. पुढे एका वर्षात एक्सपीएस हे नाव परतही आणले. दुकानात मात्र जुनी आणि नवी दोन्ही नावे शेजारी शेजारी मांडलेली असतात. दुकानदार म्हणतो, "हे नवीन मॉडेल आहे." नुसत्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही, हे लक्षात ठेवले की पुरे.

जुन्या इन्स्पिरॉनचा चार आकडी क्रमांक वाचता आला तर बरेच कळते. ३५२० घ्या. पहिला ३ म्हणजे सर्वांत साधी श्रेणी. ५ मधली आणि ७ वरची. दुसरा ५ म्हणजे पंधरा इंची पडदा. तिथे ४ असेल तर चौदा इंची. तिसरा आकडा पिढीचा, ३५२० नंतर ३५३०. शेवटचा ० असेल तर इंटेलचा प्रोसेसर, ५ असेल तर एएमडीचा. म्हणून ३५३० इंटेलचा आणि ३५३५ एएमडीचा. नव्या 'डेल १५' मध्येही डीसी१५२५० इंटेलचा आणि डीसी१५२५५ एएमडीचा आहे. शेवटच्या ० आणि ५ ची खूण तशीच राहिली आहे.

'आय-थ्री' म्हणजे नेमके कोणते?

पहिल्याच दुकानात आमच्यासमोर दोन लॅपटॉप ठेवले. एक इन्स्पिरॉन ३५२०, दुसरा ३५३०. दोन्हींवर आय-थ्री, दोन्हींत ८ जीबी रॅम, दोन्हींत ५१२ जीबी एसएसडी. ३५३० महाग. मुलीने हळूच विचारले, "मामाआजोबा, दोन्ही आय-थ्रीच आहे नं, मग दाम अलग कायचे?"

प्रश्न बरोबर होता. दुकानदाराने सांगितले की एक बाराव्या पिढीचा, दुसरा तेराव्या पिढीचा. आम्ही पूर्ण क्रमांक मागितला. जुन्यात होता आय-थ्री १२१५यू. त्यात सहा कोर, त्यांतले दोन ताकदीचे आणि चार काटकसरीचे. नव्यात होता आय-थ्री १३०५यू. त्यात पाच कोर, ताकदीचा एकच. म्हणजे पिढी नवी, पण काम करणारे हात कमी. त्याच तेराव्या पिढीत १३१५यू नावाचा सहा कोरचाही आय-थ्री आहे, पण वरचे स्टिकर तिन्हींवर सारखेच. शेतीचे उदाहरण द्यायचे तर ट्रॅक्टरचा रंग पाहून अश्वशक्ती कळत नाही, तसे हे आहे. बिल फाडण्याआधी प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक कागदावर लिहून घ्यावा आणि इंटेलच्या संकेतस्थळावर मोबाईलवरच पाहावा. दोन मिनिटांचे काम आहे.

क्रमांकामागचे अक्षरही पाहावे. यू म्हणजे कमी वीज खाणारा, बॅटरी जास्त टिकवणारा. एच किंवा एचएक्स म्हणजे जोरकस, पण जास्त तापणारा आणि वीज खाणारा. बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी., डी.एड.ला यू पुरतो. अभियांत्रिकीत कॅड किंवा मोठी सॉफ्टवेअर चालवायची असतील तर एच श्रेणी आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा विचार करावा. २०२४ पासून इंटेलने नव्या प्रोसेसरच्या नावातला 'आय' काढला आहे. आता कोर ३, कोर ५, कोर अल्ट्रा अशी नावे दिसतात. रीत तीच: पूर्ण क्रमांक पाहायचा.

रॅम, डिस्क आणि अंकांची पट्टी

आजच्या घडीला ८ जीबीपेक्षा कमी रॅम घेऊ नये. विंडोज ११ ला कागदोपत्री ४ जीबी चालते, पण आम्ही २०२० साली ज्या फेऱ्यात सापडलो तो हाच. दुसरे विचारायचे ते असे की रॅम पुढे वाढवता येते का. काही लॅपटॉपात रॅम मुख्य पट्टीवर कायमची डाखलेली असते, ती नंतर बदलता येत नाही. काहींत दोन खाचा असतात. एकीत ८ जीबी आणि दुसरी रिकामी असेल तर पुढे भर घालता येते. मात्र २०२५ च्या अखेरीपासून जगभर मेमरी चिपा महागल्या आहेत. तेव्हा 'नंतर स्वस्तात वाढवू' या भरवशावर फार राहू नये. सोळा जीबीची खरी गरज असेल तर आताच घ्यावे.

डिस्क एसएसडीच हवी. ५१२ जीबी विद्यार्थ्याला पुष्कळ होते.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. पंधरा इंची लॅपटॉपवर बहुधा उजव्या बाजूला आकड्यांची वेगळी पट्टी असते, चौदा इंचीवर बहुधा नसते. ज्याला टॅली आणि एक्सेलमध्ये दिवसभर आकडे टाकायचे आहेत त्याला ही पट्टी फार उपयोगी. आम्ही बँकेत आयुष्य त्याच पट्टीवर काढले. उलट रोज बसने ये-जा करणाऱ्याला चौदा इंची हलका पडतो. आमची मुलगी वसतिगृहात राहणार होती, म्हणून पंधरा इंची घेतला.

ऊन, वीज आणि बॅटरी

आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात मे महिन्यात काय ऊन असते ते सांगायला नको. डेल आपल्या लॅपटॉपसाठी वापराचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सियस असे देते. म्हणजे दुपारी टिनाच्या छपराखाली, गादीवर ठेवून चालवणे हे नियमाबाहेरचेच. खालच्या जाळीतून हवा खेळली पाहिजे. लाकडी पाटावर किंवा टेबलावर ठेवावा, आणि मे महिन्यात जड काम सकाळी आटपावे.

बॅटरी किती 'सेल'ची आहे तेही पाहावे. इन्स्पिरॉन ३५२० याच मॉडेलमध्ये तीन सेलची ४१ वॅट-तास आणि चार सेलची ५४ वॅट-तास अशा दोन बॅटऱ्या आहेत. वॅट-तास म्हणजे टाकीत पाणी किती, तसे. वीज जाते तिथे मोठी टाकी बरी. घरी सतत चार्जरला लावून वापरत असाल तर डेलच्या सेटिंगमध्ये 'प्रायमरिली एसी यूज' हा पर्याय निवडावा. मग बॅटरी काठोकाठ भरत नाही आणि तिचे आयुष्य वाढते.

जुना घ्यावा का?

बाबांचा प्रश्न हाच होता, आणि तो चुकीचा नव्हता. मोठ्या कार्यालयांतून निघालेले लॅटिट्यूड मजबूत असतात आणि स्वस्तही मिळतात. पण चार गोष्टी तपासल्याशिवाय घेऊ नये.

पहिली, प्रोसेसरची पिढी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आय-फाइव्ह ८२५०यू असेल तर पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी. ६३००यू असेल तर सहावी. तो सोडून द्यावा.

दुसरी, सर्व्हिस टॅग. डेलच्या प्रत्येक लॅपटॉपखाली सात अक्षरे-आकड्यांचा हा क्रमांक असतो. तो कंपनीच्या सपोर्ट पानावर टाकला की हमी कधी सुरू झाली, कधी संपते, आणि कारखान्यातून निघताना आत काय काय होते हे दिसते. आम्हाला ही सातबाराच्या उताऱ्यासारखी सोय वाटली. विकणारा म्हणतो एक, उतारा सांगतो दुसरे.

तिसरी, कुलूप. चालू करताना एफ-२ दाबून बायोसमध्ये जाऊन पाहावे. तिथे पासवर्ड मागितला आणि विकणाऱ्याला तो माहीत नसेल तर उठून यावे. त्याच जागी बॅटरीची तब्येतही लिहिलेली असते.

चौथी, तपासणी. चालू करताना एफ-१२ दाबले की डायग्नॉस्टिक्सचा पर्याय येतो. लॅपटॉप स्वतःच डिस्क, मेमरी, पंखा, बॅटरी तपासतो. काही मिनिटे लागतात, तेवढा वेळ खुर्चीवर बसून राहावे.

आम्हाला दाखवलेला बारा हजारांचा जुना लॅपटॉप सहाव्या पिढीचा निघाला. बाबांना तो क्रमांक दाखवला आणि विंडोज १० ची तारीख सांगितली. शिवाय पैसे मुलीच्या गुणांचे आहेत, बागेचे नाहीत, हेही सांगितले. ते जरा वेळ बसले, मग म्हणाले, "ठीक आहे मामाजी, नवाच पाहा."

बिल करताना

आम्ही शेवटी इन्स्पिरॉन ३५२० घेतला, १२१५यू प्रोसेसरचा. नव्या पिढीचा मोह सोडल्यामुळे पैसे वाचले. पण जुन्या साठ्यातला माल असल्याने एक काळजी घ्यावी लागते. दुकानात पडून असताना हमी आधीच सुरू झालेली दिसू शकते. म्हणून खोके फोडण्याआधी त्यावरचा सर्व्हिस टॅग मोबाईलवर टाकून तारीख पाहावी. तारीख मागची असेल तर दुकानाच्या पक्क्या बिलावरून कंपनीकडे दुरुस्त करून घेता येते. म्हणूनच बिल पक्के हवे: जीएसटी क्रमांक, सर्व्हिस टॅग आणि मुलीचे नाव असलेले. कच्च्या चिठ्ठीवर शे-दोनशे वाचवू नयेत.

हमीत 'ऑनसाइट' असे लिहिलेले असते. म्हणजे आधी फोनवर तपासणी आणि गरज पडली तर माणूस घरी येतो. तो आपल्या पिनकोडवर येतो का, हे विकत घेण्याआधी विचारावे. मुलगी नागपूरला राहणार म्हणून आम्ही नागपूरचा पत्ता नोंदवला. आणि पडून फुटले, पाणी सांडले, हे साध्या हमीत बसत नाही. त्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात.

ऑफिस सॉफ्टवेअर कायमचे आहे की एका वर्षाचे, हेही बिलाआधी विचारावे. कायमचे असेल तर ते ठरावीक मुदतीत आपल्या ईमेलने सुरू करून घ्यावे लागते. पहिल्याच दिवशी केले आणि तो ईमेल-पासवर्ड वहीत लिहून ठेवला म्हणजे झाले. सोबत आलेला अँटीव्हायरस मुदतीचा असतो. मुदत संपल्यावर त्याच्या सूचनांना घाबरून पैसे भरू नयेत, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असतोच.

शेवटचे, आपल्या भाषेचे. लॅपटॉपवर देवनागरी अक्षरे छापलेली नसतात म्हणून मराठी लिहिता येत नाही, असे अनेकांना वाटते. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड फुकट मिळतात. फोनेटिकमध्ये इंग्रजी अक्षरांत 'ramakona' च्या उच्चाराने लिहिले की मराठी उमटते. आपल्या मुलांचे शिक्षण हिंदीत, नोकरी इंग्रजीत. घरची भाषा निदान लॅपटॉपात तरी पहिल्या दिवशी घालून द्यावी.

बिल ३८ हजारांच्या आत आले. २५,००० मुलीचे, बाकीचे तिच्या बाबांनी घातले. दिवाळीला ती आली तेव्हा बागेचा वर्षभराचा जमाखर्च तिने एक्सेलमध्ये मांडून त्यांच्यासमोर ठेवला. फवारणीवर किती गेले हे त्यांनी पहिल्यांदा एका आकड्यात पाहिले. आम्हाला काही म्हणाले नाहीत, पण लॅपटॉपखाली ठेवायला लाकडी पाट मात्र स्वतः करून दिला.

यंदा ज्यांच्या घरी पैसे येतील त्यांनी घाई करू नये. दुकानात जाण्याआधी मॉडेलचा क्रमांक, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅमच्या खाचा, बॅटरीचे वॅट-तास आणि हमीचा पत्ता या पाच गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. काही अडले तर आम्ही रविवारी सकाळी घरीच असतो. चहा पाजून सांगू.